नवे पॅड, तरी ब्रेक कमी

प्रश्न : माझी पेट्रोलवरची हॅचबॅक ९ वर्षांची असून ७८,००० किलोमीटर चालली आहे. दीड महिन्यापूर्वी पुढचे ब्रेक पॅड बदलले, डिस्क मात्र जुन्याच ठेवल्या. तेव्हापासून गाडी थांबवायला पूर्वीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. पेडल मऊ नाही, उलट कडकच लागते. ‘पॅड बसायला वेळ लागतो’ असे गॅरेजमध्ये सांगतात. पण आता ९०० किलोमीटर झाले. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना धास्ती वाटते. काय तपासावे? – एक वाचक, वाई

उत्तर : तपासणी होईपर्यंत घाटात गाडी नेऊ नये. गॅरेजचे म्हणणे पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरपुरते खरे असते. ९०० किलोमीटरनंतर ती सबब चालणार नाही.

पेडल कडक आहे, ही आपण दिलेली सर्वांत उपयोगी माहिती. ब्रेकच्या नळीत हवा शिरली असती, तर पेडल स्पंजासारखे दबले असते. त्यामुळे कोणी ‘ब्रेक ऑइल बदलून एअर काढू’ म्हणाले, तर तूर्त थांबवा. आधी बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा, पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग) तपासा, कारण तो बिघडला की पेडल कडक लागते आणि तरीही संशय नुकत्याच बदललेल्या पॅडवरच जातो. गाडी सपाटीवर उभी करून हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा आणि शेवटी दाबूनच धरून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेले, तर बूस्टर ठीक आहे. जागचे हलले नाही, तर इंजिनकडून बूस्टरकडे येणारी व्हॅक्यूमची नळी आणि तिच्यातला एकदिशा व्हॉल्व्ह पाहायला सांगा.

बूस्टर ठीक निघाला, तर माझा पहिला संशय जुन्या डिस्कवर, म्हणजे पॅड ज्या धातूच्या चकत्यांना पकडतात त्यांच्यावर, आहे. वर्षानुवर्षे पॅड घासून डिस्क मधोमध झिजते आणि बाहेरच्या कडेला उंचवटा राहतो. त्यावरून नख फिरवले की ते अडते. नवा, सपाट पॅड या उंचवट्यावर टेकला, तर त्याच्या कडेला चकचकीत पट्टा उमटतो आणि उरलेला पृष्ठभाग कोरा राहतो. चाक काढून पॅड बाहेर घेतला की हे साध्या डोळ्यांनी दिसते. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. मोजमाप मायक्रोमीटरने झिजलेल्या भागावर व्हावे. व्हर्नियरचे जबडे कडेच्या उंचवट्यावर टेकतात आणि झिजलेली डिस्कही ‘पास’ होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. जाडी किमान मर्यादेखाली गेली असेल, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलाव्या लागतील. पुरेशी शिल्लक असेल, तर दोन्ही लेथवर साफ करून घेता येतात.

संपूर्ण पॅडच काचेसारखा चमकत असेल, तर तो नवा असतानाच, बहुधा घाटात, जास्त तापला आहे. पृष्ठभाग पॉलिशपेपरने हलका घासावा (धूळ नाकात जाऊ देऊ नये) आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून २० पर्यंत वेग आठ-दहा वेळा आणावा. दर वेळी थोडे अंतर तसेच चालवून ब्रेक थंड होऊ द्यावा. पॅडला ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लागले असेल, तर मात्र तो टाकूनच द्यावा.

कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) स्लाइड पिन, म्हणजे ती पकड ज्यांवर सरकते त्या पिन, हाताने सरकतात का, हेही त्याच वेळी पाहावे. त्या अडकल्या असतील, तर आतला पॅड दाबला जातो आणि बाहेरचा नुसताच टेकून राहतो. पिन साफ करून ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे, कारण साध्या ग्रीसने रबरी भाग फुगतात. काढलेले जुने पॅड गॅरेजमध्ये अजून पडून असतील, तर मागून घ्या : एकाच चाकाच्या दोन पॅडमध्ये एक बराच जास्त झिजलेला दिसला, तर पिन पूर्वीपासूनच अडकत असाव्यात.