पीआर कार्ड नागपुरात बसून रिन्यू होत नाही

नमस्कार भाऊ,

तुमचा बेत दोनदा वाचला. तुम्हा दोघांचं कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा दर्जा, मंजूर झालंय. मंजुरीची मुदत संपायच्या आत जाऊन लँडिंग करायचं, म्हणजे पीआर म्हणून पहिला प्रवेश करायचा, तीन आठवड्यांनी नागपूरला मनीषनगरला परत यायचं, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आणि फ्लॅटचं काम मार्गी लावायचं आणि तीन वर्षांनी कायमचं निघायचं. पुढे तुम्ही लिहिलंत, "कार्ड पाच वर्षांचं असतं, संपलंच तर इथूनच रिन्यू करून घेऊ." त्या एका वाक्यासाठी आज जागून लिहून राहिली आहे. कार्ड नागपुरातून रिन्यू होत नाही. अर्ज करताना तुम्ही कॅनडात असावं लागतं आणि नवं कार्ड तिथल्याच पत्त्यावर येतं.

तुमची अडचण तर त्याच्याही आधी, पहिल्या कार्डापासूनच सुरू होईल. लँडिंगच्या दिवशी विमानतळावर कार्ड हातात देत नाहीत. ते नंतर पोस्टाने येतं, आणि तोवर तुम्ही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरलेले असाल. सरकार ते भारतात पाठवत नाही. म्हणून विश्वासाच्या माणसाचा तिथला पत्ता आधीच ठरवून ठेवा, म्हणजे तो कार्ड घेऊन तुमच्याकडे पाठवू शकेल. लँडिंगनंतर १८० दिवसांत पत्ता कळवला नाही तर पहिल्या कार्डासाठीही पैसे भरून वेगळा अर्ज करावा लागतो. सीओपीआरचा, म्हणजे पीआर मंजुरीचा, कागद दाखवून दुसऱ्यांदा विमानात बसता येत नाही, आणि त्यासोबत पासपोर्टमध्ये मिळणारा व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो.

तुम्हाला कोणीतरी सांगितलं की कार्ड संपलं की पीआर गेलं. तसं नाही. कार्ड हा फक्त पुरावा आहे, दर्जा वेगळा. कार्ड संपल्यावरही कॅनडात राहता येतं, नोकरी चालू राहते, सिन नंबर, म्हणजे नोकरी आणि टॅक्ससाठी लागणारा तिथला सरकारी नंबर, तोच राहतो. अडतं ते विमानात बसताना. मुंबई-दिल्लीच्या काउंटरवर चालू कार्ड किंवा पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट (कॅनडाबाहेर असताना कार्ड नसेल तर परतीसाठी मिळणारा कागद) नसेल तर बसू देत नाहीत. स्वतःच्या गाडीने अमेरिकेच्या सीमेवरून आत जाता येतं हे खरं, पण त्यासाठी आधी अमेरिकेचा व्हिसा हवा.

दर्जा टिकतो तो दिवसांवर. पाच वर्षांत ७३० दिवस प्रत्यक्ष कॅनडात. सलग नसले तरी चालतं, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवसही धरतात. पाच वर्षं मोजायची ती लँडिंगच्या तारखेपासून, कार्डावरच्या तारखेवरून नाही. आता तुमचा हिशेब मांडू. लँडिंगचे २१ दिवस. बरोबर तीन वर्षांनी परत गेलात तर पहिल्या पाच वर्षांतले उरले साधारण ७३० दिवस. म्हणजे हाताशी जादा दिवस फक्त २१. आईची तब्येत बिघडली आणि महिनाभर यावं लागलं, की संपलं. दोन वर्षांनी गेलात तर हाच आकडा वर्षभराने वाढतो. म्हणून कळकळीने सांगते, तीन वर्षांचा बेत दोनवर आणा. आणि पाच वर्षं झाली की हिशेब संपत नाही. पुढे ज्या दिवशी तपासतील त्या दिवसापासून मागची पाच वर्षं बघतात.

माझं कार्ड जून २०१८ मध्ये संपलं तेव्हा मी नागपुरात, प्रतापनगरला होते. मार्चमध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. दीड महिन्याची रजा टाकून आले, आणि ती लांबत गेली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, बाबांना रोज फिजिओथेरपीला न्यायचं, आई एकटी. कार्डाची तारीख मला ठाऊक होती, पण त्यांना सोडून निघवेना. एका एजंटने सांगितलं, टुरिस्ट व्हिसा काढून देतो. पैसे द्यायच्या आधी मी नियम वाचले म्हणून बचावले. पीआर असलेल्याला व्हिजिटर व्हिसा मिळत नाही. तो हवा असेल तर आधी पीआर सोडून द्यावं लागतं. लोकांना हे माहीत नसतं आणि घाबरलेला माणूस सही करून मोकळा होतो.

मग मी ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा अर्ज केला. फी ५० डॉलर. माझे दिवस भरपूर होते, तरी पुराव्यांची जुळवाजुळव करताना जीव मेटाकुटीला आला. जुना पासपोर्ट आईने कपाटात जपून ठेवला होता म्हणून निभावलं. त्यातल्या भारतातल्या इमिग्रेशनच्या शिक्क्यांवरून मी प्रत्येक फेरीची तारीख काढली. त्याला पगाराच्या स्लिपा, टॅक्सचे कागद आणि घरभाड्याचा करार जोडला. तुम्ही पहिल्या दिवसापासून एक वही करा आणि प्रत्येक जाण्यायेण्याची तारीख तीत लिहा. कॅनडात मशीनवरून आत गेलं की पासपोर्टवर शिक्का मिळेलच असं नाही. कुठला कागद फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही.

दिवस कमी पडले तर? आजारी आईवडिलांची सेवा, मुलांचं हित अशा माणुसकीच्या कारणांचा विचार करायची सोय कायद्यात आहे. पण ते अधिकाऱ्याच्या हातात असतं, त्यावर बेत आखू नका. बाहेरून केलेला ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा अर्ज नाकारला तर ६० दिवसांत अपील करता येतं. दिवस कमी असूनही चालू कार्डावर आत गेलात, तर लगेच नव्या कार्डाचा अर्ज टाकू नका. तिथे राहून ७३० भरा आणि मग टाका, कारण अर्ज केला की दिवस मोजलेच जातात. नवरा-बायकोपैकी एक कॅनडाचा नागरिक असेल तर त्याच्यासोबत बाहेर राहिलेले दिवस धरतात, पण तुम्हा दोघांना तो मार्ग अजून नाही.

रिन्यू करणं तसं सोपं आहे. मुदत संपायला नऊ महिन्यांहून कमी उरले की अर्ज करता येतो. आयएमएम ५४४४ हा फॉर्म भरायचा, फी ५० डॉलर. फोटो ५० बाय ७० मिलिमीटरचा लागतो, आपल्याकडचा नेहमीचा पासपोर्ट साइजचा चालत नाही. घरात कोणी गंभीर आजारी असेल किंवा गेलं असेल आणि तीन महिन्यांच्या आत निघायचं असेल, तर तातडीने मागता येतं. त्यासाठी तिकीट, पैसे भरल्याची पावती आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. बाबांच्या दुसऱ्या झटक्याच्या वेळी मी तसंच केलं आणि वेळेवर पोचले.

आईच्या ऑपरेशनबद्दल एक विचारते. ते लँडिंगच्या आधी उरकता येईल का? मुदत किती उरली आहे ते कळवा, आणि लँडिंगची ठरलेली तारीखही. दोघांचे दिवस वेगवेगळे मोजावे लागतात. मी मांडून पाठवते.