तेलाची वाटी ठेवून द्या

प्रश्न : माझी 6 वर्षांची नात घसरगुंडीवरून पडली. डाव्या कोपराच्या जरा वर हाड मोडलं. डॉक्टरांनी तारा घालून प्लास्टर केलं. तिच्या मैत्रिणीचंही गेल्या वर्षी हेच हाड मोडलं होतं. लहान मुलांचं नेमकं तिथेच का मोडतं? प्लास्टर निघाल्यावर तेलाने चोळू का?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, चोळायचं अजिबात नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझं उत्तर संपेपर्यंत शेजारीण तेल गरम करून आणायची. चोळण्याने कोपराभोवतीच्या स्नायूत नवं हाड धरू शकतं, मग हात धड वाकतही नाही आणि सरळही होत नाही.

आता तुमचं 'तिथेच का'. दंडाचं हाड वर चांगलं गोल, जाड असतं. कोपराशी येताना ते चपटं होतं आणि त्याला पुढून एक, मागून एक असे दोन खळगे पडतात. हात सरळ केला की कोपराचं टोक मागच्या खळग्यात बसतं. दोन्ही खळग्यांच्या मध्ये हाड उरतं ते पापडाइतकं. सुटं हाड उजेडासमोर धरलं तर तिथून प्रकाश दिसतो, काहींच्या हाडाला तर तिथे चक्क भोक असतं! मूल पडताना हात टेकतं. 5 ते 7 वर्षांच्या वयात सांधे लवचीक, त्यामुळे कोपर सरळ होऊन आणखी मागे जातं, टोक खळग्यात रुततं आणि पातळ जागा तुटते. मोठं माणूस असंच पडलं तर बहुधा मनगटावर निभावतं.

याच हाडाच्या पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. म्हणून प्लास्टरमध्ये बोटं गार, निळसर पडली किंवा ती सरळ करताना पोर कळवळली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. कामट्या करकचून बांधलेला हात आला की मला अजूनही संताप येतो. रक्त अडून बोटं कायमची आखडतात, हे फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जननी 1881 सालीच लिहून ठेवलंय.

तारा साधारण 3-4 आठवड्यांनी काढतात. नंतर हात तिचा तिलाच हलवू दे, खेळता खेळता सुटतो. सरळ व्हावा म्हणून पाण्याची बादली धरायला लावू नका. महिन्याभराने दोन्ही हात समोर, तळवे वर करून बघा. डावा हात कोपरापासून आत वळलेला वाटला तर डॉक्टरांना दाखवा.