फ्लेक्सवरचे तीन कोटी

प्रश्न : आमच्या गावापासून हमरस्त्यापर्यंतच्या रस्त्यासाठी अर्थसंकल्पात तीन कोटी मंजूर झाल्याचा फ्लेक्स दोन वर्षांपूर्वी चौकात लागला. पेढे वाटले, फटाके वाजले. रस्त्यावर अजून खडीचा एक डंपर आलेला नाही. पैसे कोणी खाल्ले?
– एक वाचक, सांगोला तालुका

उत्तर : बहुधा कोणीच खाल्ले नाहीत, कारण ते आलेच नसावेत. मंत्रालयात माझी बरीच वर्षं याच कागदांमध्ये गेली, म्हणून सांगतो. फ्लेक्सवर छापतात ती कामाची अंदाजित किंमत. त्या वर्षी त्या कामासाठी ठेवलेली तरतूद हा वेगळा आकडा, आणि तो कोणी फ्लेक्सवर छापत नाही. काम यादीत बसावं एवढ्यासाठी पहिल्या वर्षी नाममात्र रक्कम ठेवायची, अगदी हजार रुपयेसुद्धा, ही जुनी वहिवाट आहे. आम्ही तिला लाक्षणिक तरतूद म्हणायचो. हजार रुपयांत गावच्या वेशीपर्यंतसुद्धा डांबर पोचत नाही.

आधी रस्ता कोणाचा ते बघा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. चुकीच्या कचेरीत खेटे घालण्यात लोकांची वर्षं जातात. रस्ता बांधकाम विभागाचा असेल तर अर्थसंकल्पासोबतच्या कामांच्या यादीत त्याची ओळ शोधा. नवीन रस्त्यांचा भांडवली खर्च लेखाशीर्ष (खर्चाच्या प्रकाराचा हिशेबातला क्रमांक) 5054 खाली असतो, देखभाल-दुरुस्ती 3054 खाली. कामाची किंमत, आजवर झालेला खर्च आणि यंदाची तरतूद हे तीन आकडे मिळाले की निम्मं उत्तर मिळालं.

यादीत नाव आल्यानंतरही प्रशासकीय मान्यता (काम करायला सरकारचा होकार), तांत्रिक मान्यता (आराखडा आणि अंदाजपत्रकाला अभियंत्यांचा होकार), निविदा आणि कार्यारंभ आदेश (कंत्राटदाराला काम सुरू करण्याचं पत्र) एवढे टप्पे उरतात. गाडी कुठे अडली हे विचारायला कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. आपल्या राज्याचे नियम तसे आहेत. ‘रस्ता का झाला नाही’ असं विचारू नका, अभियंता निबंध लिहून पाठवेल. ‘प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाची प्रत द्या’ आणि ‘आजपर्यंत वितरित झालेल्या निधीचा तपशील द्या’ एवढंच मागा. आदेशच निघालेला नसेल तर तसं लेखी कळवावं लागेल, आणि तोच कागद पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.

सगळे टप्पे पार पडले असतील तर मात्र कंत्राटदाराला गाठा. 2025 मध्ये थकलेल्या बिलांसाठी कंत्राटदारांनी राज्यभर आंदोलनं केली होती. मागचं बिल अडकलेला माणूस नवं काम हाती घेऊनही यंत्रं हलवत नाही.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. अर्थसंकल्पाचं भाषण दरवर्षी पूर्ण ऐकते, टिपणं काढते. तरी वर्षाअखेरीस आकडे जुळत नाहीत. माझं काय चुकतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भाषण ऐका, त्यातल्या कविता आणि अभंगही ऐका. पण खर्चाचा माग काढायचा तर पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर सरकार सभागृहाकडे मागतं तो जादा पैसा, वाचायला शिका.

2024 चंच उदाहरण घ्या. लोकसभेची निवडणूक असल्यामुळे फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प आला. पूर्ण अर्थसंकल्प अर्थमंत्री म्हणून अजित पवारांनी 28 जूनला मांडला. एकूण खर्च 6,12,293 कोटी. त्याच भाषणात लाडकी बहीण योजनेची घोषणा झाली, महिन्याला 1500 रुपये. 9 जुलैला, म्हणजे अकराच दिवसांनी, सभागृहात 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. ताट वाढून व्हायच्या आत दुसऱ्यांदा भात लावण्यातला प्रकार! लाडक्या बहिणीचे 25,000 कोटी त्यातच होते. तुमच्या टिपणांत ते कुठून येणार?

पुरवणी मागणी बेकायदा नाही. घटनेच्या अनुच्छेद 205 नुसार मंजूर रक्कम अपुरी पडली किंवा नवी बाब उपटली तर सरकार ती मागू शकतं. दुष्काळ, पूर, न्यायालयाचा निकाल यांसाठी ती सोय हवीच. पण जूनअखेर जी योजना भाषणात आहे, तिचा पैसा जुलैच्या पुरवणीत का, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. भाषणाच्या दिवशी तूट आटोपशीर दिसते, एवढाच त्यातला फायदा. त्या दिवशी महसुली तूट, म्हणजे महसुली खर्च महसुली उत्पन्नापेक्षा जितका जास्त ती रक्कम, 20,051 कोटी सांगितली होती.

म्हणून 10 मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 2024-25 चे सुधारित अंदाज (वर्ष संपत आल्यावर नव्यानं मांडलेले आकडे) काय सांगतात ते आधी बघायचं, नवीन घोषणा नंतर. त्या अर्थसंकल्पात 2025-26 साठी एकूण खर्च 7,00,020 कोटी होता, महसुली तूट 45,891 कोटी आणि लाडक्या बहिणीसाठी 36,000 कोटी. महायुतीनं जाहीरनाम्यात लाडक्या बहिणीला महिन्याला कबूल केलेले 2100 रुपये त्यात नव्हते. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबर 2024 मध्ये होऊन गेली होती.

आणखी एक सवय लावा. शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदांत मागणी क्रमांक (कोणत्या खात्याच्या मागणीतून पैसा येणार तो) आणि लेखाशीर्ष असतं. परीक्षार्थी तो भाग सोडून देतात. पैसे कोणत्या खिशातून येणार ते तिथेच लिहिलेलं असतं. तो उल्लेख नसेल तर निर्णयाला टाळ्या जरा थांबून वाजवा. आचारसंहितेच्या तोंडावर निघालेले निर्णय असे जरूर वाचा.

प्रश्न : पदवीधर मतदारसंघातला एक इच्छुक म्हणतो, ‘मला निवडून द्या, शिक्षणाची तरतूद कमी असेल तर मी अर्थसंकल्प रोखून धरीन.’ त्याला ते शक्य आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. विधान परिषदेत चर्चा होते, खात्यांच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं. तिजोरीतून पैसा काढायची परवानगी देणारं विनियोजन विधेयक हे धनविधेयक, म्हणजे फक्त पैशांबाबतचं विधेयक. परिषदेनं ते चौदा दिवसांत शिफारशींसह परत करायचं, शिफारशी मानायच्या की नाही हे विधानसभा ठरवते. चौदा दिवस उलटले तरी ते मंजूर झालं असंच धरतात. इच्छुकाला एवढं माहीत नसेल तर प्रश्नोत्तराच्या तासात तरी काय करायचं ते त्याला विचारून बघा. तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा) आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी) ही आमदाराची खरी हत्यारं, आणि शिक्षण खात्याला परिषदेतल्या तारांकित प्रश्नांची धास्ती असते.

जाता जाता, पदवीधरांची मतदार यादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं तयार होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून यंदा असेलच असं नाही. अर्ज भरलाय ना?