चिंता आणि ताणासाठी नाशिकमध्ये संमोहन उपचार घ्यायचा विचार आहे. तिथे नेमकं काय होतं?

संमोहनात झोप लागत नाही, शुद्धही जात नाही. बाहेर गंगापूर रोडवरचे हॉर्नसुद्धा ऐकू येतात. पहिली भेट बरीचशी प्रश्नोत्तरांतच जाते. मग डोळे मिटून श्वासाकडे लक्ष, खांदे-जबडा सैल, आणि तुमच्याच अडचणीला धरून सूचना. समजा, सातपूरच्या कंपनीत साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की छातीत धडधडतं, तर तोच प्रसंग शांतपणे मनात चालवून बघायचा. घरी रोज सराव केला तरच उपयोग. मनाविरुद्ध कुणी काही वदवून घेत नाही, ते स्टेजवरचे खेळ वेगळे.

एका बैठकीत चिंता गायब करतो किंवा मागचा जन्म दाखवतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांबच राहा. भास होत असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. चालू गोळ्या परस्पर बंद करू नका. रात्री-अपरात्री फारच घाबरायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.