डिस्क बोलावल्याशिवाय यायला नको

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर उबुंटू आहे. जुन्या दप्तरासाठी दुसरी हार्ड डिस्क बसवून घेतली. ती फक्त शनिवारी बॅकअपला लागते, पण रोज सकाळी आपोआप माऊंट होते, म्हणजे जोडली जाऊन वापरायला खुली होते, आणि नवे दिवाणजी तिच्यात काहीबाही ठेवतात. अनमाऊंट केली तरी दुसऱ्या दिवशी हजर! काय करू?

उत्तर : अनमाऊंट केलेलं त्या दिवसापुरतंच टिकतं. आत बसवलेली दुसरी डिस्क उबुंटू एरवी स्वतःहून माऊंट करत नाही. तुमची होते, म्हणजे बसवणाऱ्यानं तिची ओळ 'ईटीसी' फोल्डरातल्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क कुठं जोडायच्या त्या यादीत, लिहिलेली असणार.

त्या फाइलची आधी एक कॉपी काढून ठेवा. मग सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार) वापरून ती उघडा आणि त्या डिस्कची ओळ शोधा. ओळीच्या सुरुवातीला लांबलचक यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक, असेल तर 'बीएलकेआयडी' कमांडनं ताडून पाहा; भलत्याच ओळीला हात नको. नुसतं 'एसडीबी'सारखं नाव असेल तर तिथं यूयूआयडीच घाला, कारण ही नावं मशीन सुरू होताना बदलू शकतात. आता चौथा रकाना बघा. तिथं बहुधा 'डिफॉल्ट्स' असेल. त्याला स्वल्पविराम देऊन 'नोऑटो' (आपोआप जोडू नको) जोडा, पुन्हा स्वल्पविराम देऊन 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नको). मध्ये स्पेस नको, नाहीतर पुढचा शब्द पाचव्या रकान्यात जाऊन पडतो.

खरं तर नोऑटो असताना नोफेलची गरज नाही. पण उद्या कुणी नोऑटो काढलं तर? मी हे पोळून शिकलोय. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा फोटोंची डिस्क काढून मी विट्याला बहिणीकडे पाठवली आणि मशीन माळ्यावर टाकलं. पाणी उतरल्यावर सुरू केलं, तर पडद्यावर दीड मिनिटाची वाट पाहणं आणि मग इमर्जन्सी मोड. मशीनला ओल लागली म्हणून दोन दिवस मी ते पंख्याखाली वाळवत बसलो! ते आपलं विट्याला गेलेल्या डिस्कची वाट बघत होतं. नोफेल असतं तर तिच्याशिवाय पुढं गेलं असतं.

शनिवारी टर्मिनलमध्ये 'सुडो माऊंट' आणि पुढं डिस्क ज्या फोल्डरात उघडते त्याचा पत्ता (त्याच ओळीतला दुसरा रकाना) दिला की डिस्क जोडली जाईल. काम झालं की 'सुडो यूमाऊंट'. यूनंतर एन नाही, बरेच जण तिथंच अडकतात.

आणि एक. डिस्क माऊंट नसली तरी तो फोल्डर रिकामा दिसत राहतो. विसरून त्यातच बॅकअप टाकलात तर तो मुख्य डिस्कवर जातो, आणि पुढच्या शनिवारी डिस्क माऊंट झाली की तिच्याआड दडतो. म्हणून कॉपी करण्याआधी 'एलएसबीएलके' द्या आणि डिस्कसमोर फोल्डरचा पत्ता आलाय का ते बघून घ्या.