‘द होमकमिंग’ लावा, मालिका नंतर

तुमची अट वाचून हसू आलं: सासूबाई आणि ८ व १५ वर्षांची मुलं एकत्र बसून बघतील असा नाताळचा टीव्ही-चित्रपट हवा, पण ‘शहरातली बाई गावी जाते आणि बेकरीवाल्याच्या प्रेमात पडते’ हा प्रकार नको. मी दर डिसेंबरला असले चित्रपट ढिगाने बघते, बेकरीवाले धरून. तुम्हाला मात्र एकच सांगेन: ‘द होमकमिंग: अ ख्रिसमस स्टोरी’. सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर १९ डिसेंबर १९७१ ला दाखवला होता. पुढे ‘द वॉल्टन्स’ ही मालिका निघाली ती यातूनच.

गोष्ट एवढीशीच. १९३३ सालची नाताळची आदली रात्र, मंदीचे दिवस, व्हर्जिनियातलं डोंगराळ खेडं. सात मुलांचा बाप कामासाठी लांब राहतो. तो आज यायचाय, बाहेर बर्फ पडतंय, आणि बस उलटल्याची बातमी येते. थोरला जॉन-बॉय त्याला शोधायला निघतो. वाटेत दोन म्हाताऱ्या बहिणी भेटतात. वडिलांच्या ‘रेसिपी’चं औषध म्हणून त्या जे पाजतात, ती चक्क घरी गाळलेली दारू. सासूबाईंना या दोघी आवडणार, लिहून घ्या.

पण चित्रपट पेललाय तो पॅट्रिशिया नीलने. ही आई गोड-गोड नाही. ती चिडते, पोरांवर खेकसते, आणि काळजी वाढत जाते तसा आवाज आणखी कडक होतो. दाराशी जरा काही वाजलं की तिची मान कशी वळते ते बघा. १९६५ मध्ये नीलला मेंदूतल्या रक्तस्रावाने गाठलं होतं, बोलणं-चालणं तिला नव्याने शिकावं लागलं होतं. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळाला.

तुमच्या पंधरा वर्षांच्या लेकासाठीही यात एक जागा आहे. जॉन-बॉय खोलीला आतून कडी लावून बसतो. आईला वाटतं, पोरगं सिगारेट ओढायला लागलं. खरं तर तो लिहीत असतो आणि वह्या लपवून ठेवतो, कारण त्याला लाज वाटते. शेवटी बापाने त्याच्यासाठी काय आणलंय ते सांगत नाही. बापाला लिहिण्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी त्याने आणलंय, एवढंच. (मूळ कादंबरी लिहिणारे अर्ल हॅमनर ज्युनियर स्वतः व्हर्जिनियातल्या स्कायलर गावचे, आठ भावंडांत थोरले. म्हणजे कडी कोणाची ते कळलंच.)

दोन सूचना. सुरुवात संथ आहे, पहिली वीस मिनिटं मोबाईल बाजूला ठेवायला लावा. आणि मालिका आधी बघू नका. आई, बाप, आजोबा तिथे वेगळ्या नटांनी केलेत. मालिकेत मायकल लर्नड या नटीने केलेली आई जास्त शांत, समजूतदार आहे. तिची सवय झाली की नीलची आई खाष्ट वाटते. माझ्या बहिणीने उलट्या क्रमाने बघितलं आणि अर्ध्यावर बंद केलं. रिचर्ड थॉमसचा जॉन-बॉय आणि एलन कॉर्बीची आजी मात्र दोन्हीकडे तीच.

धाकट्याचा सांतावर अजून विश्वास असेल तर घाबरू नका. बाप सांताशी झटापट झाल्याची जी थाप मारतो, ती ऐकून तो तुम्हाला रात्रभर प्रश्न विचारेल, एवढाच धोका.