नाताळच्या कुकीज: पसरणं, कडक होणं आणि डब्यात मऊ पडणं

नाताळच्या फराळाबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. केकपेक्षा कुकीजचेच जास्त आले. खालच्या सगळ्या मापांत छोटा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली. भाजीत घालायचा चमचा मापाला घेऊ नका.

चांदणीच्या कटरनं कापलेल्या कुकीज ओव्हनमध्ये पसरून गोल होतात. २५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम बटर, १५० ग्रॅम साखर आणि एक चमचा बेकिंग पावडर घेते. काय चुकतं? (डोंबिवली)

बेकिंग पावडर काढून टाका. आकार टिकवायचा असेल त्या कुकीला फुगवणारं काहीच नको. साखरही जास्त आहे. ती ओव्हनमध्ये वितळते आणि पीठ सैल करते. कापायच्या कुकीजसाठी वजनी १:२:३ हे प्रमाण धरा: १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा आणि १ छोटा चमचा व्हॅनिला. बटर बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ, नेहमीचं पिवळं खारं असेल तर मीठ घालूच नका. कटरला फार बारीक टोकं असतील तर बटर १८० ग्रॅमवर आणा आणि १ मोठा चमचा थंड दूध घाला. अंडं लागत नाही.

उरलेलं सगळं बटरच्या तापमानावर आहे. फेटताना ते १८ ते २० अंशांवर हवं. डिसेंबरातही डोंबिवलीचं स्वयंपाकघर दुपारी २७-२८ अंशांवर असतं, त्यामुळे "रूम टेंपरेचरचं बटर" ही कृतीतली सूचना आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. फ्रिजमधून काढून तुकडे करा आणि पंधरा-वीस मिनिटांनी बोटानं दाबून बघा. खळगा पडला पाहिजे, पण बोट आत घुसता कामा नये. कडेला तेलकट चकाकी दिसली तर ते परत फ्रिजमध्ये जाऊ द्या. अति मऊ बटर ओव्हनमध्ये लगेच वितळतं, मैदा घट्ट व्हायच्या आत कुकी पसरलेली असते. साखर-बटर मिनिट-दोन मिनिटंच फेटा. केकसारखं हलकं होईपर्यंत फेटलं तर आत हवा भरते, कुकी फुगते आणि मग बसते.

पीठ दोन बटर पेपरांमध्ये ५ मिलिमीटर जाड लाटा आणि लाटलेलंच अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. गोळा थंड करून मग लाटायला गेलं की तो फुटतो. कापल्यावर चांदण्या उचलू नका, त्यांच्याभोवतीचं पीठ उचला. ट्रे दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घाला: १६५ अंश, १२ ते १४ मिनिटं. कडा सोनेरी आणि मधला भाग फिकट दिसला की बाहेर काढा. तेव्हा त्या मऊच लागतात, पाच मिनिटं ट्रेवर राहिल्या की घट्ट होतात. दुसरा घाणा गरम ट्रेवर लावू नका. ट्रे पालथा करून नळाखाली धरा आणि पुसून घ्या. ६ सेंटिमीटरच्या कटरनं पस्तीसच्या आसपास कुकीज होतात.

मैद्याऐवजी कणीक घातली तर कुकीज दगडासारख्या होतात. (नागपूर)

चक्कीवर दळताना गव्हातल्या स्टार्चला मार बसतो आणि असं पीठ पाणी जास्त शोषतं. पोळी मऊ राहते ती यामुळेच, पण कुकीत हाच गुण आड येतो. निम्मा मैदा, निम्मी कणीक घ्या. कणीक चाळून कोंडा काढा, दीड-दोन छोटे चमचे दूध वाढवा आणि पीठ अर्धा तास झाकून ठेवा. मळू तर अजिबात नका, बोटांनी गोळा जमला की थांबा. पूर्ण कणकेच्या कुकीज हव्या असतील तर बटरऐवजी तूप घेऊन नानखटाईच्या वाटेनं जा, ती चव कणकेला जास्त शोभते. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळपास नसतंच. म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप पुरतं.

आणखी एक शक्यता तपासा. कप पिठात खुपसून भरला तर त्यात १५० ग्रॅमपर्यंत पीठ जातं, चमच्यानं हलकेच भरला तर १२०-१२५ ग्रॅम. तीन कपांत पाऊण कपाचा फरक इथेच पडतो. वजनकाटा घ्याच.

छोट्या ओटीजीत (रॉडवर चालणाऱ्या विजेच्या ओव्हनमध्ये) कुकीज खालून करपतात, वरून पांढऱ्या राहतात. (सांगली)

ट्रे खालच्या रॉडच्या फार जवळ आहे. तो मधल्या खाचेत लावा, दोन्ही रॉड चालू ठेवा आणि पंधरा मिनिटं आधी तापवा. काळा पातळ ट्रे खालून लवकर भाजतो. एकावर एक दोन ट्रे ठेवले की ताप कमी लागतो. बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आतलं तापमान वीस-पंचवीस अंशांनी वेगळं असू शकतं. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोड वापरा आणि तापमान दहा-पंधरा अंशांनी कमी ठेवा. साध्या मायक्रोवेव्ह मोडमध्ये कुकीज करायच्या भानगडीत पडू नका.

गोव्यात नाताळला ताटात येणारी नारळाची बिस्किटं, बोलिन्हास, घरी करता येतील का? आमची तरी फुटतात. (पुणे)

येतात, पण दोन दिवस हाताशी ठेवा. कुसवाराच्या, म्हणजे नाताळच्या गोडाधोडाच्या, ताटात नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांच्या शेजारी ही असतात आणि भेट द्यायला सगळ्यांत सोयीची हीच. २५० ग्रॅम बारीक रवा, २५० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम खवलेला ओला नारळ, २ पिवळे बलक आणि १ पांढरा, १ मोठा चमचा बटर, अर्धा छोटा चमचा वेलचीपूड, चिमूटभर मीठ. नारळ पाणी न घालता मिक्सरमध्ये भरडसर फिरवा. साखर अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून उकळी आणा, पाक चिकट लागला की नारळ घाला आणि चार-पाच मिनिटं परता. गॅस बंद करून रवा आणि बटर मिसळा. पूर्ण गार झाल्यावर अंडी फेटून घाला, वेलची घाला आणि झाकून रात्रभर ठेवा.

तुमची फुटतात ती बहुधा ही रात्र न दिल्यामुळे. रव्याला ओलावा पिऊन फुगायला वेळ दिला नाही तर तो ओव्हनमध्ये फुगतो आणि बिस्किटाला वेड्यावाकड्या भेगा पडतात. उलट पाक पुढे जाऊन एकतारी-दोनतारी झाला असेल तर मिश्रण सकाळी कोरडं भुगा होतं. तसं झालं तर मोठा चमचाभर दूध शिंपडून अर्धा तास थांबा. सैल वाटलं तर दोन चमचे रवा घाला आणि पुन्हा तेवढंच थांबा.

सकाळी हाताला रवा लावून लिंबाएवढे गोळे वळा, जरा चपटे करा आणि काट्यानं किंवा सुरीच्या पाठीनं वर आडव्या-उभ्या रेघा दाबा. १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं. रेघांचे उंचवटे तांबूस व्हायला हवेत. ओला नारळ असल्यामुळे डब्यात आठवडाभरच ठेवा. सुकं डेसिकेटेड खोबरं वापरू नका, चव निम्म्यावर येते.

जिंजरब्रेडच्या प्रत्येक कृतीत मोलॅसिस लागतं. इथे मिळत नाही. (सातारा)

साताऱ्यात बसून मोलॅसिस कशाला शोधता? गुऱ्हाळं सुरू झालेली असतात, ताजी काकवी आणा. ती मोलॅसिसपेक्षा पातळ, गोड आणि कमी कडू असते. म्हणून साखर थोडी कमी आणि मसाला सढळ हवा.

१२५ ग्रॅम बटर, १२५ ग्रॅम ब्राऊन शुगर किंवा गुळाची पावडर आणि १०० ग्रॅम काकवी मंद आचेवर वितळवा. उकळू देऊ नका. कोमट झाल्यावर एक अंडं घाला, नको असेल तर दोन मोठे चमचे दूध. ३५० ग्रॅम मैदा, २ छोटे चमचे सुंठपूड, दीड चमचा दालचिनी, पाव चमचा लवंग, पाव चमचा जायफळ, अर्धा चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून त्यात मिसळा. पीठ खूप मऊ दिसेल. घाबरून मैदा वाढवू नका, दोन तास फ्रिजमध्ये ठेवलं की लाटता येतं. ४ ते ५ मिलिमीटर जाडी, १७० अंश, १० ते १२ मिनिटं. काकवीमुळे रंग आधीच गडद असतो, त्यामुळे रंगावरून अंदाज येत नाही. शेवटची दोन मिनिटं ओव्हनजवळून हलू नका. जिंजरब्रेडचं छोटं घर बांधायचं असेल तर त्याच्या भिंतींसाठी सोडा पाव चमचाच घाला, म्हणजे कडा सरळ राहतात.

कच्चं अंडं न घालता आयसिंग कसं करावं? (ठाणे)

कच्च्या पांढऱ्या बलकात साल्मोनेला या जिवाणूचा धोका असतो, तेव्हा लहान मुलं आणि वयस्कर माणसं खाणार असतील तर ते टाळलेलंच बरं. मेरिंग पावडर सुरक्षित आहे, पण तीही अंड्याचीच असते, न खाणाऱ्यांना चालणार नाही. सोपा मार्ग: १०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर आणि तीन-चार छोटे चमचे दूध किंवा लिंबाचा रस, थेंब-थेंब घालत. चमचा उचलल्यावर पडलेली धार दहा सेकंदांत मिसळून गेली की पसरायला योग्य. बारीक रेघेसाठी आणखी घट्ट ठेवा. टणक आयसिंग हवं असेल तर काबुली चणे बिनमिठाचे शिजवून त्याचं घट्ट पाणी घ्या: ४५ ग्रॅम पाण्याला २५०-३०० ग्रॅम आयसिंग शुगर, पाच मिनिटं फेटून. चण्याचा वास सुकल्यावर जातो. पूर्ण सुकायला आठ तास, दमट हवेत बारा. त्याआधी एकावर एक रचलं की नक्षी गेलीच.

मी स्टुटगार्टला असते. इथल्या नाताळच्या कुकीज जानेवारीत पुण्याला न्यायच्या आहेत. (जर्मनी)

व्हानिलेकिपफर्ल नेऊ नका. बदामाच्या त्या चंद्रकोरी इतक्या भुसभुशीत असतात की गरम असताना ट्रेवरून उचलल्या तरी तुटतात. बॅगेत त्यांचा चुरा होईल. लेबकुखन (मसाला घातलेल्या जर्मन कुकीज) उत्तम, ते कित्येक आठवडे टिकतात आणि मुरल्यावर अधिक चांगले लागतात. कडक वाटले तर डब्यात दोन दिवस सफरचंदाची फोड ठेवा, मग काढून टाका. जामाच्या जोड कुकीज तिथे पोचल्यावर भरा.

भेटीच्या डब्यात सगळं एकत्र भरलं की तिसऱ्या दिवशी सगळंच मऊ पडतं. (नाशिक)

मऊ वस्तूतला ओलावा कुरकुरीत वस्तू ओढून घेते. प्लम केकचा तुकडा, बोलिन्हास आणि बटर कुकी एका डब्यात सुखानं नांदत नाहीत. केक वेगळ्या पाकिटात बांधा. कुकीज पूर्ण गार झाल्यावरच भरा, वायरच्या जाळीवर किमान तासभर. कोमट भरल्या तर झाकणाला आतून बाष्प धरतं. आयसिंग नसलेल्या मऊ पडल्या तर १५० अंशांवर चार-पाच मिनिटं ठेवून गार करा, परत कुरकुरीत होतात.

कामाची विभागणी अशी करा: कुकीचं लाटलेलं पीठ बटर पेपरात गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभर राहतं, तेव्हा ते नोव्हेंबरअखेर करून ठेवा. जिंजरब्रेड १५ डिसेंबरच्या सुमारास, बटर कुकीज २० तारखेला, बोलिन्हास २२-२३ला. डब्यावर चिठ्ठी लावा आणि अंडं आहे की नाही, काजू-बदाम आहेत की नाहीत ते स्पष्ट लिहा. विकायच्या असतील तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. अंडं घातलेल्या पाकिटावर हिरवी खूण चालत नाही, तपकिरी त्रिकोणाची लागते.